ठळक ओळींच्या खाली मीच आहे

मित्रांनो, मी एका जाडजूड पुस्तकाची जुनी प्रत आहे, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. आपली कहाणी सांगताना सुरुवात गोड करावी, हे मलाही कळतं. पण मी सगळं आयुष्य वकिलांच्या घरात काढलं. गोड बोलणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तेव्हा मी जशी बोलते तशी बोलू द्या.

माझ्या पोटात न्यायाधीशांनी दिलेले निकाल आहेत. भिंतींचे, विहिरींचे, पायवाटांचे, पन्हळींचे, खिडक्यांचे. शेजारी शेजाऱ्याशी ज्या ज्या कारणावरून भांडू शकतो, ते एकही कारण सुटलेलं नाही. शिवाय कोर्टात उभं कसं राहावं, साक्षीदाराला कुठे अडवू नये, न्यायाधीशाने कधी गप्प बसावं, हेही लिहिलेलं आहे. ते गप्प बसायचं प्रकरण अजून कोरं करकरीत आहे. कोणी त्या बाजूला फिरकत नाही.

माझा जन्म छापखान्यातला. आमच्या वेळी मोठाल्या कागदावर छापायचे, त्याच्या घड्या घालायचे आणि घड्यांवर घड्या ठेवून शिवायचे. त्यामुळे पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्याच राहायच्या. ज्याला वाचायचं असेल त्याने कागद कापायची सुरी घ्यावी आणि एकेक पान मोकळं करत पुढे जावं. पुस्तक नुसतं हातात घेतलं तरी कळायचं, की मालकाने कुठपर्यंत वाचलं आणि कुठे कंटाळा केला. फार चांगली सोय होती. अर्थात, लोकांची अब्रू जाते म्हटल्यावर ती बंद झालीच.

त्याच छापखान्यात एक सारांशवाला बसायचा. चष्म्याच्या दोन्ही काड्या दोऱ्याने बांधलेल्या. त्याचं काम एकच. न्यायाधीशाने पानंच्या पानं निकाल लिहिलेला असायचा, तो भराभर चाळायचा आणि वर ठळक अक्षरांत दोन ओळी लिहायच्या, की बुवा यात असं असं ठरलं. मेहनती माणूस होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जेवणाची सुट्टी जवळ आली की त्याचा हात फारच भरभर चालायचा. ते ठळक अक्षर न्यायाधीशाचं नव्हे हो, या भुकेल्या माणसाचं. एवढं ध्यानात ठेवा. मोठमोठ्या वकिलांना हे ठेवता आलेलं नाही.

मला विकत घेतलं ते थोरल्या वकिलांनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची कचेरी होती. एक टेबल, अशिलांसाठी बाक, एक कपाट आणि एक पंखा, जो फिरताना कुरकुर करायचा. थोरल्यांनी मला घरी आणलं त्या दिवसापासून सुरी हातात घेतली ती शेवटचं पान मोकळं होईपर्यंत खाली ठेवली नाही. त्यांची वाचायची रीतच वेगळी होती. त्या ठळक ओळींना ते टोपी म्हणायचे. टोपीवर टीपकागद ठेवायचे, म्हणजे ती दिसायलाच नको. आधी खालचा निकाल पुरा वाचायचे, मग मनाशी दोन ओळी जुळवायचे, आणि शेवटी टीपकागद उचलून सारांशवाल्याने काय लिहिलंय ते बघायचे. जुळलं तर "हूं" म्हणायचे. नाही जुळलं तर टेबलावर थाप मारून हसायचे, "घाई झाली रे तुला, भूक लागली होती वाटतं!"

त्यांच्या बायकोला, म्हणजे वकिलीणबाईंना, हे सगळं दारातून दिसायचं. "एवढं निरखून माझ्या तोंडाकडे पाहिलं असतंत, तर मी आज काय म्हणाले ते तरी सांगता आलं असतं," त्या म्हणायच्या.

"काय म्हणालीस?"

"जेवायला चला म्हणाले. मघाशी."

ती माझी चांगली वर्षं. दुसरे वकील दारात उभे राहून मला मागायला यायचे. कोर्टात पट्टेवाला मला दोन्ही हातांवर घेऊन न्यायाधीशापुढे न्यायचा. कोणी म्हणायचं, "थोरल्यांची प्रत आणा, तिच्यात सापडेल." मी मिरवले, खोटं कशाला सांगू. माझा कणा जरा सैल झाला, कोपरे झिजले, पण वापरून झिजणं वेगळं आणि पडून कुजणं वेगळं.

मग थोरले गेले आणि कचेरी मुलाकडे आली. सगळे त्याला धाकटे वकील म्हणतात. आई अजून बाळ्या म्हणते. धाकटा वाईट नाही. अशिलांना फसवत नाही, आवाज तर असा आहे की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ नये. पण वाचतो फक्त टोप्या. टोपी वाचली की पुस्तक मिटलं. बरं, निदान टोपीपुरतं तरी उघडावं! तर नाही. त्याने टेबलावर पडदेवाला संगणक आणला. तो डोळ्यांच्या पातळीवर येईना, म्हणून मला आडवं करून त्याच्या खाली सरकवलं. न्यायाधीशांचा शब्द पोटात घेऊन मी त्या डबड्याचा पाट झाले! बाकीच्या पुस्तकांना त्याने रंगावारी लावलं. लाल लाल एकीकडे, हिरवी हिरवी एकीकडे, म्हणजे फोटोत मागे चांगली दिसतात. विहिरींचा पहिला भाग वरच्या फळीवर आणि दुसरा खालच्या, कारण एकाचं कापड विटलं होतं. वकिलीणबाई पदराने धूळ झटकताना पुटपुटायच्या, "भाजीवालासुद्धा कांद्यात बटाटे मिसळत नाही, बाळ्या."

अशात एके दिवशी शिवणबाई आली.

तिची खोली मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. खोलीला एकच खिडकी, आणि त्या खिडकीखाली तिचं शिवणयंत्र. कोर्टातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट तिच्याकडे यायचे. कोणाचं अस्तर फाटलं, कोणाची बाही उसवली, कोणाचं पोट सुटलं. तरुण होती तेव्हापासून ती त्याच खिडकीत बसून काळ्या कापडावर काळा दोरा घालत आलेली. खिडकीपलीकडे कुलूपवाल्याची मोकळी जागा होती. तिथे त्याने कुलपांसाठी गोदाम बांधायला घेतलं होतं.

"भिंत खिडकीच्या चौकटीला लागली, वकीलसाहेब," ती बाकावर टेकतसुद्धा नव्हती. "अजून थोडी चढली की माझी खोली म्हणजे पेटी. वरून झाकण लावल्यासारखी."

"अगं, बस आधी," वकिलीणबाई म्हणाल्या. "बाळ्या, पंखा लाव."

"त्याला सांगून बघितलंत का?" धाकट्याने विचारलं.

"सांगितलं की. तो म्हणतो, मावशी, जागा माझी, विटा माझ्या, तुमचं काय जातंय? म्हटलं, माझे डोळे जातायत. तर म्हणतो, दिवा लावा."

"मग दिव्यात नाही जमत?"

"काळ्यावर काळं दिव्यात? तुम्ही तुमचं भाषण तोंडात रुमाल कोंबून करून दाखवा, मग मी दिव्यात शिवून दाखवते."

धाकटा हसला आणि उठला. त्याने संगणक एका हाताने उचलला, मला खालून ओढलं, अनुक्रमणिकेत बोट फिरवलं आणि खिडक्यांचं पान काढलं. किती दिवसांनी माझ्या पानांना वारा लागला! मला वाटलं, रक्त आहे थोरल्यांचं, आज वाचणार.

वर टोपी होती. पहिली ओळ अशी: 'जुन्या खिडकीतून येणारा उजेड शेजाऱ्याने अडवू नये.'

"सापडलं!" तो म्हणाला.

दुसरी ओळ अशी: 'खोलीत अन्य मार्गाने पुरेसा उजेड मिळत असल्यास तक्रार चालणार नाही.' ती त्याने पाहिली. मी साक्षीला आहे. पाहिली आणि न पाहिल्यासारखी केली. पानात कागदाची पट्टी घातली आणि मला फाडकन मिटलं.

"खाली काय लिहिलंय रे?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"खाली तेच असतं गं आई. लांबण लावलेलं."

मित्रांनो, मला हात असते ना, तर त्याचा कान माझ्या पानात धरून मी पुस्तक मिटलं असतं.

कोर्टात तेव्हा एक वयस्कर न्यायाधीश होते. स्वभावाने लोण्यासारखे. कोणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते सगळ्यांना तारीख द्यायचे. त्यांचं नावच तारीखसाहेब पडलं होतं. आमचा पुकारा झाला. धाकटा उभा राहिला, मला उंच धरलं आणि घंटेसारख्या आवाजात पहिली ओळ वाचली. तारीखसाहेबांनी मान डोलावली.

मग कुलूपवाल्याचे वकील उठले. जाडे, घामाघूम होणारे, आणि हातात कोण? माझी बहीण! एकाच छापखान्यातली, एकाच गठ्ठ्यातली, माझ्यासारखीच लाल कापडाची. तिचा रंग अजून तसाच होता, कोपरे टोकदार. मला आधी हेवा वाटला. जाड्या वकिलांनी तिच्यातलं तेच पान काढलं आणि त्याच टोपीची दुसरी ओळ वाचली.

तारीखसाहेबांनी पुन्हा मान डोलावली. "दोघांकडेही आधार आहे. विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पुढची तारीख घ्या."

बाहेर आल्यावर दोन्ही वकिलांनी एकमेकांची पाठ थोपटली. "छान बोललात." "छे छे, आवाज असावा तर तुमच्यासारखा." आणि दोघे मिळून चहाला गेले. शिवणबाई मागे मागे धावत होती.

"वकीलसाहेब, झालं काय?"

"चांगलं झालं. आपली बाजू भक्कम आहे."

"भिंत थांबली?"

"भिंतीचं पुढच्या तारखेला बघू."

आता ऐका. त्या निकालात, टोपी ओलांडून, पान उलटलं की मागच्या बाजूला न्यायाधीशाने स्वच्छ लिहिलेलं आहे. उजेड पुरेसा की अपुरा, हे त्या खोलीत कोणतं काम चालतं त्यावरून ठरवावं. कागदावरून कळत नसेल तर न्यायाधीशाने स्वतः, त्या कामाच्या वेळी, त्या खोलीत जाऊन उभं राहावं. आणि तोवर बांधकाम जिथे असेल तिथे थांबवावं. तोवर थांबवावं! पहिल्याच दिवशी हे वाचलं असतं, तर गवंडी दुपारी घरी गेला असता. धाकटा मला काखेत मारून चहा पीत होता, आणि ती ओळ त्याच्या बरगडीला लागून होती.

त्यानंतर तारखाच तारखा. कधी जाड्या वकिलांच्या घरी लग्न, कधी धाकट्याला घसा, कधी तारीखसाहेबांना वाटलं मुद्दा अजून मुरू द्यावा, जसं काही ते लोणचं होतं. दर तारखेला पहिली ओळ, दुसरी ओळ, मान डोलावणं, चहा. आणि तिकडे भिंत चढत होती. गवंड्याला तारीख नसते. तो रोज येतो.

शिवणबाईने यंत्र आधी दारापाशी ओढलं. मग उंबऱ्यात. मग गल्लीत. गल्लीतली धूळ काळ्या कापडावर बसायची, येणारे-जाणारे सायकलची घंटी वाजवून तिला उठवायचे. एकदा पावसाची सर आली तर ती कोट छातीशी धरून आत पळाली आणि यंत्र भिजलं. हळूहळू कोट यायचे कमी झाले. एका सकाळी ती कचेरीत आली ती गाठोडं घेऊन.

"हा तुमचा कोट. आणि हे तुमच्या मित्रांचे. ज्यांचे त्यांना देऊन टाका," ती म्हणाली. "बाही लावली आणि दोनदा उसवली. आता लोकांचं कापड नासायला नको."

"मावशी, पुढच्या तारखेला नक्की..."

"तारीख तुम्हाला, वकीलसाहेब. मला अंधार."

ती गेली. वकिलीणबाईंनी गाठोडं उचलून आत ठेवलं आणि दारात उभ्या राहिल्या. "तुझ्या वडिलांनी कोणा अशिलाच्या हातचं काम असं सुटू दिलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. धाकटा खाली मान घालून बसला. वाईट वाटत होतं त्याला, मला दिसत होतं. पण वाईट वाटून घेण्यापेक्षा पान उलटणं सोपं होतं! एवढंसं पान! फुंकर मारली तरी उलटलं असतं!

शेवटी तारीखसाहेबांचं वय झालं आणि ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक बाई आल्या. ठेंगण्या, बारीक आवाजाच्या. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवरची मऊ उशी काढून पट्टेवाल्याकडे दिली. मला तेव्हाच जरा आशा वाटली.

आमचा पुकारा झाला. धाकट्याने पहिली ओळ वाचली. जाड्या वकिलांनी दुसरी वाचली. दोघेही मान डोलावली जाण्याची वाट बघत उभे राहिले.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघांकडे एकच पुस्तक आहे?"

"हो, महोदया."

"आणि पानही एकच?"

"हो... म्हणजे, हो, महोदया."

"मग एकाच निकालाने दोघं कसे जिंकणार? द्या बघू इकडे."

जाडे वकील जवळ होते. त्यांनी लगबगीने माझ्या बहिणीला पुढे केलं. बाई पान उलटायला गेल्या आणि त्यांचं बोट अडकलं. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी पुस्तक कडेने उजेडात धरलं.

"वकीलसाहेब, ही पानं जोडलेलीच आहेत. हा निकाल कोणी उघडलेलाच नाही."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. जाड्या वकिलांनी रुमाल काढला. "वडिलांचं पुस्तक आहे, महोदया. जपून ठेवलेलं."

"वडिलांनी तर फारच जपलेलं दिसतंय."

सगळं कोर्ट हसलं. मला नाही हसू आलं. माझी सख्खी बहीण, इतकी वर्षं कपाटात, आणि आत एकदाही कोणी डोकावलं नाही. मी जिच्या कोऱ्या कोपऱ्यांचा हेवा केला, ती बिचारी जन्मभर तोंड शिवून बसली होती.

मग बाईंनी मला मागितलं. माझी पानं थोरल्यांच्या सुरीने मोकळी झालेली, त्यामुळे मी सहज उघडले. त्यांनी नजर फिरवली आणि मला परत धाकट्याच्या हातात दिलं.

"वाचा. वरचं ठळक नको, ते छापखान्यातल्या माणसाने लिहिलंय. निकाल खाली आहे. तो वाचा."

धाकट्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला. काय सांगू तुम्हाला! तो आवाज, आणि माझे शब्द. जन्मात पहिल्यांदा दोघांची गाठ पडली. पंखे फिरायचे थांबले नाहीत, पण मला तरी त्यांचा आवाज ऐकू येईना. तो पानाच्या तळाशी आला आणि थबकला.

"पुढे वाचा."

त्याने पान उलटलं. खोलीत जाऊन उभं राहावं, इथपर्यंत वाचलं. मग त्याची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि त्याचे कान लाल झाले.

"पुढे वाचा," बाई म्हणाल्या.

"'आणि तोवर...'" त्याचा आवाज पार खाली गेला. "'तोवर बांधकाम जिथे असेल तिथे थांबवावे.'"

बाकावरून शिवणबाई उठली. "काय वाचलं? पुन्हा वाचा."

"बाई, खाली बसा," पट्टेवाला म्हणाला.

"बसते. पण हे आज लिहिलंय की आधीपासून होतं? म्हणजे भिंत पहिल्याच दिवशी थांबली असती?"

पट्टेवाला तिच्याकडे निघाला. न्यायाधीशबाईंनी हाताने त्याला थांबवलं. दोन्ही वकील आपापल्या बुटांकडे बघत होते, तेव्हा उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. "हो बाई," त्या म्हणाल्या. "थांबली असती."

शिवणबाई खाली बसली नाही. खटल्यातल्या लोकांनी रडलं-ओरडलं की कोर्टाला सवय असते, काय करायचं ते ठरलेलं असतं. ती नुसती धाकट्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

काम तिथल्या तिथे थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी वरात मागच्या गल्लीत आली. न्यायाधीशबाई, पट्टेवाला, दोन वकील, हाताची घडी घालून कुलूपवाला, आणि मी. मला शिवणयंत्राच्या फळीवर ठेवलं होतं, म्हणून मला सगळं नीट दिसलं. नीट म्हणजे काय, दिसेल तेवढं. खिडकीच्या वरच्या टोकाला बोटभर पांढरी फट राहिली होती. बाकी सगळ्या विटा.

"दिवा आहे, महोदया," जाडे वकील म्हणाले. "लावून दाखवतो. बघा, कसा पिवळाधमक! पुरेसा उजेड."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. "दोऱ्याची रिळं कुठे असतात?"

शिवणबाईने पत्र्याचा डबा पुढे केला.

"यातलं काळं रीळ काढा," बाई जाड्या वकिलांना म्हणाल्या. "तुमच्या कोटाचं बटण लावायला चालेल असं. घाई नाही."

जाड्या वकिलांनी डब्यात हात घातला, एक रीळ दिव्याजवळ नेलं, ठेवलं, दुसरं घेतलं. "हे."

"तुम्ही?" बाईंनी धाकट्याला विचारलं. त्याने आपल्या डोक्याची सावली चुकवत चुकवत एक निवडलं. मग बाईंनी स्वतः डब्यात पाहिलं आणि एक उचललं. "चला, बाहेर."

मला बाहेर नेलं नाही, पण दार उघडं होतं. कुलूपवाल्याचंच हसणं ऐकू आलं. "वकीलसाहेब, हे तर निळं आहे हो! शाळेच्या गणवेशाचं!"

"आणि यांचं तपकिरी," पट्टेवाला न राहवून म्हणाला.

"माझं हिरवं निघालं," न्यायाधीशबाईंचा बारीक आवाज आला. "काळं कोणालाच सापडलं नाही."

कुलूपवाला आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने खिडकीतल्या विटांवर हात फिरवला. "मावशी, मला गोदाम पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुम्हाला पेटीत घालायचं नव्हतं."

"मग मी सांगत होते तेव्हा कान कुठे कुलपात ठेवले होतेस?" शिवणबाई म्हणाली.

भिंत चौकटीखाली उतरवायची, असा हुकूम झाला. गवंडी तोच होता. ज्या हाताने रचल्या त्याच हाताने विटा काढल्या. शिवणबाईचं यंत्र पुन्हा खिडकीत गेलं. पण जे वकील दुसऱ्या शिंप्याकडे गेले, त्यांतले पुष्कळ तिकडेच राहिले. कोर्ट विटा उतरवू शकतं, गेलेली गिऱ्हाइकं नाही परत चढवू शकत. धाकटा तिला सांगायला गेला, की आपण जिंकलो. ती दोरा ओवत म्हणाली, "आपण म्हणू नका. जिंकायला मला जेवढे दिवस लागले, तेवढे तुम्ही पान उलटायला लावलेत." वकिलीणबाई बरोबर होत्या. त्यांनी मुलाची बाजू घेतली नाही. घरातून आणलेला त्याचा कोट तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाही राहिली होती बघ."

तुम्ही म्हणाल, चला, आता तरी सगळे शहाणे झाले. थांबा.

माझ्या बहिणीच्या मालकाची फार शोभा झाली होती. त्यांनी तिला पुस्तकं बांधणाऱ्याकडे पाठवलं आणि यंत्राने तिन्ही बाजूंच्या कडा सपासप कापून आणल्या. आता तिची सगळी पानं मोकळी आहेत. बघणाऱ्याला वाटतं, काय हा वाचणारा माणूस! वाचलं कोणी? कापणाऱ्या यंत्राने.

आणि माझं काय झालं ते ऐकाल तर तुम्हीच कपाळावर हात माराल. एक दिवस शिवणबाई कचेरीत आली. हातात काळ्या कोटाच्या कापडाचं कव्हर. आतून अस्तर, कडेला दुहेरी शिवण, पुढे झाकायची पट्टी आणि पट्टीला बटणं. टाके असे बारीक, की खिडकीचाच उजेड हवा.

"अरे वा, माझ्यासाठी?" धाकटा म्हणाला.

"तुमच्यासाठी कशाला? हिच्यासाठी," ती माझ्यावर हात ठेवून म्हणाली. "हिने सांगितलं म्हणून भिंत उतरली. तुम्ही नुसतं ओरडून सांगितलंत."

तिने मला स्वतःच्या हाताने ते कव्हर घातलं. आयुष्यात इतका सन्मान मला कोणी केला नव्हता. माझा कणा ताठ झाला. धाकटाही हरखला. त्याने सुताराकडून काचेचं छोटं कपाट करवून घेतलं आणि मला त्यात उभं केलं, अगदी दारासमोर. येणाऱ्या प्रत्येक अशिलाला तो हा किस्सा रंगवून सांगतो, न्यायाधीशबाईंचा आवाज काढून दाखवतो, माझ्याकडे बोट करतो. लोक लांबून बघतात, माना डोलावतात. रोज सकाळी काच पुसली जाते. आणि माझी बटणं त्या दिवसापासून कोणी काढलेली नाहीत. सुंदर शिवलंय ना, मग हात कशाला लावायचा?

परवा एक म्हातारा आला होता. शेजाऱ्याची पन्हळ त्याच्या अंगणात गळते, त्याच्या घराचा पाया खचतोय. धाकट्याने संगणकाच्या पडद्यावर बोट फिरवलं, ठळक दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "सापडलं!" संगणकाखाली आता विहिरींचा दुसरा भाग आहे. आणि पन्हळींचा पुरता निकाल कुठे आहे? माझ्या पोटात. कव्हराच्या आत, बटणांच्या आत, काचेच्या आत. वकिलीणबाई दारातून म्हणाल्या, "बाळ्या, खालचं वाच." तो म्हणाला, "हो आई, वाचतो." अजून वाचतोच आहे.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगते ते नीट ऐका. पुस्तकं जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला पुष्कळ जपलं. काचेत ठेवलं, कापडात गुंडाळलं, फोटोत उभं केलं. असल्या जपण्याला काय चाटायचंय? माझं एखादं पान दुमडलं तर मी मरत नाही. माझ्यावर चहा सांडला तरी मी बोलेन. पण माझ्यातली जी ओळ कोणी वाचत नाही, तिच्यासाठी बाहेर कोणाची तरी खिडकी बुजत असते, कोणाचा तरी पाया खचत असतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही काळे कोट घालतील, काही त्या वरच्या खुर्चीत बसतील. तेव्हा ठळक अक्षरांना रामराम करा आणि खाली उतरा. तिथे जरा लांबण आहे, अक्षर बारीक आहे, पण माणसाच्या उपयोगाचं जे काही आहे ते तिथेच आहे.

आणि त्यासाठी मोठं व्हायची वाट तरी कशाला बघायची? कचेरी दिवसभर उघडी असते. काचेला कुलूप नाही. वकिलीणबाई तुम्हाला अडवायच्या नाहीत, उलट बसायला पाट देतील. या, बटणं काढा, पन्हळींचं पान उघडा, आणि त्या धाकट्याच्या कानात मोठ्याने वाचा. मात्र येताना हात धुऊन या.